वाघांची हजेरी

मंडळी, तुमच्यापैकी बरेच जण पूर्वी कागदावर आंगठा उठवीत. एकाचा आंगठा दुसऱ्यासारखा नसतो. वाघाच्या अंगावरच्या पट्ट्यांचेही तसेच आहे. या गोष्टीचा उपयोग करून वाघ मोजायला शिकवले कर्नाटकातल्या उल्लास कारंत यांनी. कन्नड लेखक शिवराम कारंत यांचे हे चिरंजीव. शिकले इंजिनिअरिंग, मग शेती केली, पण मन सगळे रानात. पुढे संसारी वयात अमेरिकेला जाऊन वन्यप्राण्यांचे शास्त्र शिकले. ‘आता या वयात कसले शिकणे?’ म्हणणाऱ्यांनी ऐकलेत ना?

तेव्हा आपल्याकडे वाघ मोजत पावलांच्या ठशांवरून. वनरक्षक ठशावर काच धरून आकृती उतरून घेत. पण एकच पाऊल चिखलात पसरते, वाळूत वेगळे दिसते. कारंतांनी पिंजऱ्यातल्या चार वाघांचे ठसे जाणत्या अधिकाऱ्यांपुढे ठेवले. वाघ किती, हे एकालाही बरोबर सांगता आले नाही.

मग मोजायचे कसे? समजा, तळ्यातले मासे मोजायचे आहेत. ५० मासे धरले, खूण करून सोडले. काही दिवसांनी पुन्हा जाळे टाकले. ४० मासे आले, त्यांत खुणेचे १०. म्हणजे चारांत एक खुणेचा. खुणेचे एकंदर ५०, तर तळ्यात मासे सुमारे २००. वाघाला खूण करायला नको, ती अंगावरच आहे. नागरहोळेच्या रानात कारंतांनी वाटेच्या दोन्ही अंगांना कॅमेरे बांधले. दोन्ही अंगांना का? तर वाघाची डावी कूस उजवीसारखी नसते. वाघ मधून गेला की फोटो आपोआप निघे. हे काम त्यांनी १९९५ साली छापून प्रसिद्ध केले. १९९८ साली अमेरिकेतल्या जेम्स निकोल्स यांच्याबरोबर हिशेब आणखी पक्का केला. हरणे, गवे, रानडुकरेही मोजली, कारण एका वाघाला वर्षाला अशी सुमारे ५० जनावरे लागतात.

एवढा खटाटोप कशाला? मी शाळेत पाहिले आहे, हजेरीपटावर मुलगा ‘हजर’ असतो आणि वर्गात त्याची जागा रिकामी असते. राजस्थानात सरिस्काच्या जंगलाचे तेच झाले. कागदावर वाघ पंधराच्या वर; २००५ साली कसून शोध घेतला, तर एकही नाही! शिकाऱ्यांनी सारे संपवले होते आणि दप्तरात ते जिवंतच होते.

त्यानंतर सरकारने ठशांची मोजणी सोडली व कॅमेरे घेतले. आधी देशात ३,६४२ वाघ सांगत. २००८ साली नवा अंदाज आला, १,४११. नव्या सरकारी पद्धतीतल्या हिशेबावरही कारंतांनी हरकती घेतल्याच.