ओळखीचे गाणे, अनोळखी वाट

एखादे गाणे आवडले किंवा आवडले नाही, हे सांगावयास क्षणही लागत नाही. परंतु ते का आवडले, हे सांगू गेल्यास भलेभले रसिकही अडखळतात. आणि तरीही वाजविणाऱ्याच्या दृष्टीने पहिल्या उत्तरापेक्षा दुसऱ्या उत्तराचीच किंमत अधिक. 'छान' या शब्दाने त्याला समाधान वाटते, पण शिकावयास काही मिळत नाही. 'वाईट' या शब्दाने तो खट्टू होतो, आणि शिकावयास तेव्हाही काही मिळत नाही. श्रोत्याचे मत म्हणजे काय आणि ते कसे बनावे, याचा विचार म्हणूनच करण्याजोगा आहे.

अमरावतीहून यवतमाळकडे निघालेल्या वाटसरूस बडनेरा मागे पडल्यावर नांदगाव खंडेश्वर लागते. खंडेश्वराच्या हेमाडपंती देवळाने ते गाव ओळखले जाते. अशा गावातील एका सुशिक्षित कुटुंबाची घटकाभर कल्पना करावी. आजोबा निवृत्त शिक्षक आणि नाट्यसंगीताचे निस्सीम भोक्ते. आजी भजनात टाळ धरणाऱ्या. मुलगा कचेरीत नोकरीस, आणि नात अमरावतीस कॉलेजात शिकणारी. नातीला गिटारचा नाद आहे. 'रणदुंदुभि' नाटकातील आजोबांचे एक लाडके पद तिला गिटारवर बसवावयाचे आहे. पण जसेच्या तसे नव्हे. चाल एकदा सांगावी, मग तिच्यापासून दूर जावे, आणि पुन्हा तिच्याकडे यावे, अशी तिची इच्छा. आजोबांच्या दैवताला हात लावण्यापूर्वी त्यांचा कौल घ्यावा, या हेतूने ती एके संध्याकाळी घरच्यांना पॅरिसच्या एका प्रसिद्ध वाद्यपंचकाच्या ध्वनिमुद्रिका ऐकविते.

हे पंचक १९३४ साली उभे राहिले. त्यात ढोल नाही, तुतारी नाही, पियानोही नाही. एक व्हायोलिन, तीन गिटारी आणि उभ्याने वाजवावयाचे खर्जाचे थोरले तंतुवाद्य, ज्यास डबल बेस म्हणतात, एवढाच सरंजाम. व्हायोलिन स्तेफान ग्रापेली यांचे आणि मुख्य गिटार जँगो राइनहार्ट यांची. वाजविलेली गाणी बहुतेक अमेरिकेतील लोकप्रिय गाणी. जाझवाले अशा सर्वांच्या ओठांवर रुळलेल्या गाण्यांना 'स्टँडर्ड' म्हणतात. डिसेंबर १९३४ मध्ये या पंचकाने जी पहिली गाणी मुद्रित केली, त्यांत 'डायना' आणि 'लेडी, बी गुड' ही दोन होती. नांदगावच्या घरात हीच दोन वाजली, आणि चार माणसांची चार मते झाली.

पहिले मत आजींचे. "तबला नाई, ढोलकी नाई, मंग ठेका कोन धरून रायला बाप्पा?" हा प्रश्न साधा दिसला तरी तो नेमक्या जागी बोट ठेवतो. या पंचकात तालाचे वाद्य नाही, कारण दोन गिटारींनी ते काम पत्करले आहे. जँगो यांचे बंधू जोसेफ आणि रॉजर शापू हे दोघे एकापाठोपाठ स्वरसंघ छेडतात आणि लगेच तारांवरील बोटांची पकड सैल करून नाद तोडतात. नाद असा तुटला की गिटारीतून थापेसारखा आवाज निघतो. चार मात्रांपैकी दुसरी आणि चौथी ठसठशीत, पहिली आणि तिसरी त्या मानाने हलकी. आजींचा हात मात्र जन्मभर समेवर टाळ वाजविण्यास सरावलेला. जेथे वजन पडावयास हवे तेथे ते नाही, आणि जेथे नको तेथे आहे, म्हणून त्यांना ठेका हरवल्यासारखा वाटतो. ठेका हरवलेला नाही. तो एक मात्रा सरकून बसला आहे. आजींनी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर टाळी देऊन पाहिली, तर जे डगमगल्यासारखे वाटत होते तेच डोलल्यासारखे वाटू लागेल.

दुसरे मत मुलाचे. ध्वनिमुद्रण जुने, आवाज खरखरीत. विजेच्या गिटारी आणि मोठमोठे ध्वनिवर्धक हाताशी असताना हे ऐकावे कशाला? या मताला उत्तर इतिहासच देतो. १९३४ साली याच पंचकाचे नमुन्याचे मुद्रण ऐकून एका ध्वनिमुद्रण कंपनीने ते नाकारले, आणि कारण दिले ते असे की, हे संगीत फारच आधुनिक आहे! तेव्हा जे फार नवे म्हणून नाकारले गेले, तेच आज फार जुने म्हणून नाकारावे, यात संगीताचा विचार दोन्ही वेळा झालाच नाही. शिवाय विजेच्या साहाय्यावाचून वाजणाऱ्या गिटारीचा एक धर्म आहे. तिचा स्वर उमटताक्षणी विरू लागतो. व्हायोलिनसारखा तो लांबविता येत नाही. म्हणून वादकाला स्वर सतत पेरीत राहावे लागते. जँगो यांच्या वादनातील ती सरींसारखी बरसात या अडचणीतूनच जन्मली आहे. आणि व्हायोलिनवर पडदे नसल्यामुळे ग्रापेली एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाऊ शकतात. आपल्याकडे जिला मींड म्हणतात तिचीच ती बहीण. एक वाद्य तुटक बोलते, दुसरे सलग. त्यांच्या संवादात या मुद्रिकांची गोडी आहे, आणि ती खरखरीच्या पलीकडे कान नेल्यावाचून कळत नाही.

तिसरे मत खुद्द नातीचे. ती थक्क झाली आहे ती जँगो यांच्या बोटांनी. १९२८ साली त्यांच्या राहत्या गाडीला आग लागून त्यांचा डावा हात भाजला आणि दोन बोटे जवळजवळ निकामी झाली. पुढे ते एकल वादन मुख्यत्वे उरलेल्या दोन बोटांनी करीत. ही हकीकत विलक्षण आहे, आणि ती ऐकून कोणाचेही मन भरून यावे. परंतु ती ऐकून बनलेले मत गाण्याविषयीचे मत नव्हे. ते माणसाविषयीचे मत आहे. ज्याला ही हकीकत ठाऊक नाही, त्यालाही ते वादन मोहविते की नाही, ही खरी कसोटी. नातीने डोळे मिटून, बोटे विसरून ऐकले, तरच तिला कळेल की जँगो यांचा वेग हा दिखाऊ वेग नाही; ते मध्येच थांबतात, एखादा स्वर तार ओढून थरथरता ठेवतात, आणि त्या थांबण्यातच अधिक बोलतात.

उरले आजोबा. त्यांचे मत सर्वांत कठोर आणि सर्वांत विचारपूर्वक. "पहिल्या वेळी चाल कळली. नंतर चाल गेली कुठे? आणि शब्द तर मुळातच नाहीत. ज्याला गाण्याची चाल सांभाळता येत नाही, त्याने ते गाणे घ्यावे कशाला?" या प्रश्नात नातीच्या बेताचे भवितव्य अडकलेले आहे, म्हणून त्याचा निवाडा सावकाश करावयास हवा.

'लेडी, बी गुड' हे गाणे मूळ कोठले? ते जॉर्ज गर्श्विन यांनी १९२४ साली त्याच नावाच्या संगीत नाटकासाठी रचले. नाटक उतरले, गाणे मात्र रंगभूमी सोडून वादकांच्या हाती आले. आपल्या नाट्यपदांचे चरित्र याहून वेगळे आहे काय? 'मानापमान' १९११ साली, 'स्वयंवर' १९१६ साली रंगभूमीवर आले. त्यांतील पदे नाटकाच्या प्रसंगापासून सुटून मैफलीत गेली, आणि तेथे प्रत्येक गायकाने ती आपापल्या मगदुराप्रमाणे फुलविली. अमरावतीचे वीर वामनराव जोशी यांचे 'रणदुंदुभि' १९२७ साली बळवंत संगीत मंडळीने रंगभूमीवर आणले. चाली वझेबुवांच्या, गळा मास्टर दीनानाथांचा. दीनानाथांनी पद म्हटले म्हणजे चाल सांभाळून ते स्वस्थ बसत नसत. तिच्यातून आकस्मिक ताना उसळत, आणि श्रोते त्यासाठीच कान टवकारून बसत. आजोबांना जे पद प्रिय आहे, ते चालीपासून दूर जाऊन परत येणाऱ्या गळ्यामुळेच प्रिय झालेले आहे. मूर्तिजापूरकडे जन्मलेले वऱ्हाडचे सुपुत्र वसंतराव देशपांडे यांच्या नाट्यपदांवर लुब्ध असणाऱ्या रसिकाने चाल मोडल्याची तक्रार करावी, हे नवलच म्हणावयाचे.

जाझची मांडणी पाहिली म्हणजे हे साम्य अधिक स्पष्ट होते. 'लेडी, बी गुड' सारख्या गाण्यात चार मात्रांचा एक, असे बत्तीस खंड असतात. पहिले आठ खंड म्हणजे स्थायी. ती पुन्हा एकदा येते. नंतरचे आठ अंतऱ्यासारखे वेगळ्या वाटेने जातात, आणि शेवटचे आठ पुन्हा स्थायीवर येतात. हे एक आवर्तन पुरे झाले की वादक चाल सोडतो, पण आवर्तन सोडत नाही. साथीच्या गिटारी तोच स्वरसंघांचा क्रम तितक्याच मात्रांत फिरवीत राहतात. ख्यालगायक बंदिश एकदा मांडून रागाच्या अंगणात हिंडतो आणि मुखडा पकडून समेवर येतो. जाझवादक स्वरसंघांच्या क्रमावर हिंडतो आणि शेवटी चालीवर येतो. अंगणाचे कुंपण निराळे, हिंडण्याची रीत तीच. म्हणून ऐकणाऱ्याने एकच गोष्ट करावी: वादक दूर गेला असता मूळ चाल मनातल्या मनात म्हणत राहावी. मग तो कोठे तिला स्पर्शून गेला, कोठे तिला बगल दिली, हे कळू लागते.

तरीही आजोबांच्या म्हणण्यात एक सत्य उरतेच, आणि ते झाकून ठेवणे बरे नव्हे. काही गाण्यांत शब्द आणि चाल यांची गाठ इतकी घट्ट असते की चाल सोडणे म्हणजे गाणेच सोडणे. भावगीत हे तसे गाणे. प्रभाकर जोग यांनी आपल्या 'गाणारे व्हायोलिन'मधून ओळखीची मराठी गीते वाजविली, तेव्हा त्यांनी उलट मार्ग स्वीकारला. १९५५-५६ साली पुणे केंद्रावरून झालेल्या गीतरामायणात ज्यांच्या व्हायोलिनने साथ केली, त्या जोगांना शब्दाचे मोल ठाऊक होते. त्यांचा गज अक्षरागणिक थांबे, वळे, श्वास घेई. ऐकणाऱ्याच्या मनात शब्द आपोआप उमटत. तेथे निष्ठा शब्दाशी. पॅरिसच्या पंचकात निष्ठा आवर्तनाशी. यहूदी मेन्युहिन यांच्यासारख्या थोर व्हायोलिनवादकाने ग्रापेलींबरोबर १९३०च्या सुमाराची गाणी मुद्रित केली, त्या वेळी त्यांचे भाग आधी लिहून तयार ठेवावे लागले. आयत्या वेळी सुचवून वाजविणे हा त्यांचा अभ्यास नव्हे. म्हणून मेन्युहिन उणे ठरत नाहीत, आणि ग्रापेलीही अधिक ठरत नाहीत. एकाच्या मापाने दुसऱ्यास मोजले की चूक होते, इतकेच.

हे संगीत परके, हा आक्षेपही फार काळ टिकत नाही. १९३५ साली मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबी यांचा निग्रो वादकांचा ताफा आला. हे ॲबी स्वतः व्हायोलिनवादकच. त्या सुमारापासून गोमंतकीय वादकांनी जाझ आत्मसात केले. हळदोण्याचे अँतोनियो झेवियर वाझ, म्हणजेच ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, हे पुढे सी. रामचंद्र यांचे साहाय्यक झाले, आणि १९५१च्या 'अलबेला'तील गाण्यांवर देश नाचला. हेच सी. रामचंद्र, म्हणजे राम चितळकर, नागपुरास शंकरराव सप्रे यांच्याकडे गाणे शिकले होते. वसंतराव देशपांडेही त्याच गुरूंचे शिष्य. एका गुरूच्या दारातून एक वाट ख्यालाकडे आणि नाट्यपदाकडे गेली, दुसरी जाझच्या ठेक्यापर्यंत पोहोचली.

शेवटी एक लहानशी गोष्ट, पण श्रोत्यांनी ध्यानी धरावी अशी. पॅरिसच्या त्या पंचकाचे नाव 'हॉट क्लब द फ्रान्सचे पंचक' असे होते. हा क्लब वादकांचा नव्हे. १९३२ साली स्थापन झालेले ते हौशी श्रोत्यांचे मंडळ. त्यांनी ऐकले, वाद घातले, हे पंचक पुढे आणले, आणि पुढे १९४७ साली जाझच्या नव्या वळणावरून भांडून ते दुभंगलेही. तथापि या श्रोत्यांनी केवळ 'छान' म्हणून हात झटकले असते, तर हे पंचक कदाचित हॉटेलाच्या कोपऱ्यातच विरून गेले असते. आपल्याकडेही पुण्याचा गायन समाज, कोल्हापूरचा देवल क्लब यांसारख्या संस्थांनी हेच काम केले. नांदगावात तसा क्लब नसला तरी बिघडत नाही. चार मते मोकळेपणाने मांडणारे एक घर पुरते.

त्या घरात मुद्रिका तीनदा लागली असे समजावे: एकदा चालीसाठी, एकदा ठेक्यासाठी, एकदा चाल सोडून गेलेल्या वाटेसाठी. तिसऱ्या खेपेस आजी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर टाळी देत आहेत, आणि मुलाला खरखरीचे भान उरलेले नाही. आजोबा बराच वेळ गप्प राहतात. मग नातीकडे वळून म्हणतात, "आधी चाल सरळ वाजव, वझेबुवांनी बांधली तशी. मग तुला जिथे जायचे तिथे जा. पण परत ये; आणि तू परत आलीस, हे मला न सांगता कळले पाहिजे."

नात गिटार उचलते आणि तारा जुळवू लागते.