तान्हं बाळ आणि पॉडकास्टचा माईक

घरात तान्हं बाळ आलं, तरी पॉडकास्ट करणाऱ्या आईबाबांना सल्ला मिळतो तो बहुधा महागड्या कंडेन्सर माईकचा. माझं मत नेमकं उलट आहे. कंडेन्सर फार बारीक आवाज टिपतो. म्हणजे बोलण्याबरोबर पाळण्याची कुरकुर, कुकरची शिट्टी आणि शेजारच्या खोलीतलं रडणंही. गायक मंचावर हातात धरतात तो डायनॅमिक माईक मुळात कमी संवेदनशील. तो ओठांपासून चार बोटांवर ठेवला, की जवळचा आवाज ठळक येतो आणि लांबचा मागे पडतो. मोकळ्या जागेत अंतर निम्मं केलं, तर आवाजाची पातळी सुमारे 6 डेसिबलने वाढते, आणि तीही फुकटात! सॅमसन क्यू2यूसारखा माईक यूएसबीने थेट लॅपटॉपला जोडता येतो.

कुणी म्हणेल, गोंगाट नंतर सॉफ्टवेअरने काढता येतो की. पंख्याची एकसुरी घरघर मोफत मिळणाऱ्या ऑडॅसिटीनेही बरीच निघते. रडणं मात्र सतत बदलतं, शिवाय त्याच्या कंप्रता आपल्या बोलण्यात मिसळलेल्या असतात. ते पुसायला जावं, तर बोलणंही पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं होतं. दुसरा आक्षेप जास्त रास्त आहे: कान झाकणारे हेडफोन लावल्यावर बाळ रडलेलं कळणार कसं? त्यासाठी रडण्याबरोबर दिवे लागणारा बेबी मॉनिटर समोर ठेवावा, नाहीतर एक कान उघडा. भिंतींना फोम चिकटवायची घाई नको. गोधड्यांनी भरलेलं उघडं कपाट घुमणारा आवाज बऱ्यापैकी शोषतं. आणि बाळ रांगू लागलं, की केबल टेबलामागून, त्याच्या हाताला लागणार नाही अशी पक्की बांधावी.