नऊशे रुपये कुठे गेले?

कागद-पेन्सिल जवळ असेल तर एक आकडा लिहून घ्या : दोन लाख पंचेचाळीस हजार सहाशे दहा. २,४५,६१०. आमच्या बचत गटाच्या पासबुकातली ही शिल्लक. गटाच्या वहीत मात्र त्या महिन्यात २,४६,५१० निघाले. नऊशेचा फरक! बैठकीत कुजबुज सुरू झाली आणि वही लिहिणाऱ्या ताईंचे डोळे भरून आले.

तेव्हा आमच्यातली एक म्हणाली, "थांबा गं, ९०० ला ९ ने भाग जातोय." हिशेब लिहिणाऱ्यांची ही जुनी खूण आहे. दोन अंकांची अदलाबदल झाली, की फरकाला नेहमी ९ ने भाग जातो. ५४ ऐवजी ४५ लिहा, फरक ९. ८२ ऐवजी २८ लिहा, फरक ५४. असं का होतं? दशकाच्या घरातला ८ म्हणजे ८०. तो एककात आला की ८च उरतो, म्हणजे ८ ची नऊपट गेली. उलट २ चे २० झाले, म्हणजे २ ची नऊपट वाढली. फरक नऊच्या पटीतच राहणार.

मग आम्ही मागचं पान उघडलं. तिथे २,४५,६१० बरोबर होते. शिल्लक पुढच्या पानावर ओढताना ५ आणि ६ यांची जागा बदलली होती. पैसे कुठेच गेले नव्हते.

पण एक लक्षात ठेवा. कुणी खरोखर ९०० रुपये घेतले असते, तरी ९ ने भाग गेलाच असता. नऊची खूण फक्त कुठे शोधायचं ते सांगते. निकाल पावत्या आणि मागची पानं देतात. फरक ८५० आला, तर नुसती अदलाबदल नाही, चूक दुसरीकडे शोधा.

आता तोच आकडा पुन्हा पाहू. शेवटी शून्य, म्हणून २, ५ आणि १० ने भाग जातो. अंकांची बेरीज १८, म्हणून ३ आणि ९ नेही जातो. ३ आणि ५ दोन्हींनी जातो, म्हणजे १५ नेही. आम्ही पंधरा जणी. प्रत्येकीच्या वाट्याला १६,३७४ रुपये, बाकी शून्य!

शिवाय अंकांच्या बेरजेने, म्हणजे १८ नेही त्याला भाग जातो : १३,६४५. अशा संख्यांना हर्षद संख्या म्हणतात, म्हणजे आनंद देणाऱ्या. हे नाव दिलं द. रा. कापरेकर यांनी. १९०५ साली डहाणूत जन्मलेले कापरेकर नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिक्षक होते. गंमत म्हणजे आमचा चुकलेला आकडाही हर्षदच! अंक तेच, बेरीज तीच. म्हणून नुसती अंकांची बेरीज करून ही चूक सापडली नसती. फरकच काढावा लागला.

आता आमच्या गटात नियमच केलाय : हिशेब जुळला नाही, तर आधी वजाबाकी करायची. कुणाचं नाव घ्यायचं नाही.