अकरा जणांची हंडी



काल याच मंडपात ज्ञानेश्वरीतल्या दृष्टान्तांवर व्याख्यान झालं, उद्या पाणीवाटपावर होणार आहे, आणि मधल्या दिवशी मला चोरांवर बोलायला उभं केलं आहे. संयोजकांनी पत्रिकेत ‘एका अमेरिकी विनोदी चित्रपटाविषयी’ एवढंच छापलं. दरोडा हा शब्द त्यांनी सभ्यपणे गाळला. मी तो परत घालतो. चित्रपट ‘ओशन्स इलेव्हन’, दिग्दर्शक स्टीव्हन सोडरबर्ग, साल २००१. अकरा माणसं लास व्हेगासमधल्या तीन कसिनोंची मिळून असलेली एकच तिजोरी एका रात्रीत रिकामी करतात. सोळा कोटी डॉलरच्या वर रक्कम! आणि विजेचं बिल वेळेवर भरणारे आपण खुर्चीच्या टोकाला येऊन मनात म्हणत असतो, ‘अरे आटपा लवकर, तो येतोय!’

असं आपण का म्हणतो? माझा आजचा विषय एवढाच आहे.

या प्रश्नाचं अर्धं उत्तर आपल्या घरात आहे. गोकुळातलं दही-लोणी मथुरेच्या बाजाराला निघतं. मथुरा कंसाची. पोरांच्या तोंडचा घास तिकडे जातो, म्हणून कृष्ण पेंद्यासारख्या सवंगड्यांना जमवून तो वाटेतच अडवतो. या चोरीला आपण चोरी म्हणत नाही, लीला म्हणतो. दरवर्षी रस्त्यात हंडी बांधून ती पुन्हा करतो. पण लीला म्हणायला दोन अटी आहेत. माल कंसाचा असला पाहिजे, आणि तो एकट्यानं नव्हे, सवंगड्यांनी मिळून काढला पाहिजे. जगातल्या कुठल्याही दरोड्याच्या चित्रपटाला या दोन अटी लावून पाहा. जिथे त्या पाळल्या जातात तिथे आपण चोरांच्या बाजूला असतो.

आधी कंसाकडे पाहू. आपल्याकडे जुगाराच्या अड्ड्यावर एक शब्द चालतो, ‘नाल’. डाव कोणीही जिंको, अड्डा चालवणारा त्यातून आपला हिस्सा काढून घेतो, ती नाल. अड्ड्यावर ती उघड घेतात, सगळ्यांना दिसते. कसिनोची हुशारी अशी की तिथे नाल चाकातच बसवलेली असते. अमेरिकी रुलेटच्या चाकाला ३८ खाने असतात: १ ते ३६ आकडे, एक शून्य आणि एक दुहेरी शून्य. तुम्ही एका आकड्यावर एक डॉलर लावला आणि जिंकलात तर ३५ मिळतात. हिशेबानं ३७ मिळायला हवेत. ते दोन डॉलर म्हणजे नाल. शंभर डॉलर टेबलावर फिरले की सरासरी सव्वापाच डॉलर मालकाकडे सरकतात. कोणी पत्ता लपवत नाही, कोणी फासे भारलेले ठेवत नाही. शकुनीचं काम तिथे अपूर्णांक करतो. नेवाडा राज्यानं १९३१ मध्ये जुगार कायदेशीर केला आणि वाळवंटात दिव्यांचं शहर उभं राहिलं, ते या अपूर्णांकावर.

हे फार लांबचं नाही. गोव्यात मांडवीच्या पात्रात जी जहाजं उभी आहेत, त्यांचंही गणित असंच. आणि महाराष्ट्राचं तर विचारूच नका! आपण १९७६ मध्ये कसिनोंवर नियंत्रण आणि कर यांचा कायदा केला, तो कधी अमलात आणला नाही, आणि २०२३ मध्ये रद्द केला. म्हणजे सत्तेचाळीस वर्षं पत्ते हातात धरून बसलो आणि शेवटी डाव न मांडताच उठलो. कसिनोत न हरण्याचा खात्रीचा उपाय म्हणाल तर हाच.

चित्रपटातल्या डॅनी ओशनला हे गणित पाठ आहे. जॉर्ज क्लूनीनं केलेला हा माणूस सुरुवातीला न्यू जर्सीच्या तुरुंगातून पॅरोलवर सुटतो. त्याचं म्हणणं साधं आहे: खेळत राहिलात तर कधी ना कधी मालक तुम्हाला गिळणार. म्हणून त्याच्या बेतात नशिबाला जागाच नाही. तिजोरीची हुबेहूब प्रतिकृती बांधायची, तालमी करायच्या, पहारेकऱ्यांच्या वेळा वहीत उतरवायच्या. लोक म्हणतात हा जुगारावरचा चित्रपट आहे. मला वाटतं, अख्ख्या व्हेगासमध्ये त्या रात्री जुगार न खेळणारी ही अकराच माणसं असावीत.

पण या कंसाला आणि या सवंगड्यांना पडद्यावर यायला दोन खेपा लागल्या. पहिली १९६० ची. नाव तेच, फक्त अकरा अंकात लिहिलेले. दिग्दर्शक लुईस माइलस्टोन; पहिल्या महायुद्धावरच्या ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’साठी ऑस्कर मिळवलेला माणूस. फ्रँक सिनात्रा, डीन मार्टिन, सॅमी डेव्हिस ज्युनियर, पीटर लॉफर्ड, जोई बिशप ही मित्रमंडळी दिवसा चित्रीकरण करायची आणि रात्री सँड्स हॉटेलात गाण्यांचे, विनोदाचे प्रयोग. कथेत ही दुसऱ्या महायुद्धातून परतलेली, हवाई छत्री दलातली माणसं. नववर्षाच्या मध्यरात्री शहराची वीज घालवून ती पाच कसिनो लुटतात आणि पैसा शहराबाहेर जातो तो कचऱ्याच्या गाडीतून. गाडी चालवतो सॅमी डेव्हिस. इथे जरा थांबा. व्हेगासची मोठी हॉटेलं कृष्णवर्णीय कलावंताला रंगमंचावर बोलवत, टाळ्या देत आणि खोली मात्र नाकारत. अशी कित्येक वर्षं गेली. ही बंदी उठवण्याचा समझोता मार्च १९६० मध्ये झाला, या चित्रपटाचं चित्रीकरण उरकण्याच्या सुमारास. मालकाची तिजोरी कचऱ्याच्या गाडीतून नेणारा तो माणूस मला त्या चित्रपटातल्या कुठल्याही विनोदापेक्षा जास्त बोलका वाटतो.

आणि शेवट? टोळीतला एक जण मरतो, बाकीचे लूट त्याच्या शवपेटीत दडवतात, आणि त्याची बायको ऐन वेळी दफनाऐवजी दहन ठरवते. सगळे ओळीनं बसलेत, आतून आगीचा आवाज येतोय, आणि चेहरे हळूहळू उतरत जातात. हा विनोद उत्तम आहे, पण त्यामागे एक नियमावलीही होती. हॉलिवूडच्या तेव्हाच्या आचारसंहितेनुसार गुन्हेगाराला गुन्ह्याचं फळ पचू द्यायचं नव्हतं. म्हणजे हंडी फोडा, पण लोणी मातीत सांडलं पाहिजे. ती संहिता १९६८ मध्ये गेली. २००१ ची अकरा माणसं पैसे घेऊन जातात, याचं एक कारण हेही आहे.

आता दुसरी अट, सवंगडी. गोविंदा पथकाचा सराव ज्यांनी पाहिला असेल त्यांना माहीत आहे, हंडी फोडणारं पोर सगळ्यांना दिसतं. खालच्या थरातल्या माणसाचं डोकं खाली असतं आणि त्याला हंडी दिसतसुद्धा नाही. तारे-तारकांनी खच्चून भरलेला चित्रपट बहुतेक वेळा कोसळतो तो इथेच. प्रत्येकाला वरच्या थरावर जायचं असतं. १९६० च्या चित्रपटात मित्रमंडळी मजेत आहे, पण थर लागत नाहीत. सगळे जमिनीवर उभे राहून एकमेकांच्या पाठीवर थापा मारताहेत.

सोडरबर्गकडे आलेले कलाकार तोलामोलाचे होते: क्लूनी, ब्रॅड पिट, मॅट डेमन, अँडी गार्सिया, जुलिया रॉबर्ट्स. त्याच वर्षी मार्चमध्ये एकाच रात्री सोडरबर्गला ‘ट्रॅफिक’साठी आणि रॉबर्ट्सबाईंना त्याच्याच ‘एरिन ब्रॉकोविच’साठी ऑस्कर मिळालं होतं. बाई तेव्हा एका चित्रपटाचे दोन कोटी, म्हणजे वीस दशलक्ष डॉलर घेणाऱ्या. क्लूनीनं त्यांना पटकथेसोबत वीस डॉलरची नोट धाडली आणि कळवलं, तुम्ही एका चित्रपटाचे ‘वीस’ घेता असं ऐकलं! बहुतेकांनी नेहमीपेक्षा कमी मोबदल्यात काम केलं. पण पैशापेक्षा महत्त्वाचं म्हणजे त्यांनी पडद्यावरची जागाही कमी घेतली. ब्रॅड पिट तर दृश्यामागून दृश्यात काहीतरी खातच असतो. रांगेत उभं राहून वडापाव खाणाऱ्या, घाईतल्या कामगारासारखा. शहराची वीज घालवणारा बॅशर ज्यानं रंगवला, त्या डॉन चीडलचं नाव श्रेयनामावलीत नाहीच. आणि सगळ्यांत वरचा थर कोणाला? शाओबो चिन या कसरतपटूला, जो मुळात सिनेनट नव्हे. रोकड वाहणाऱ्या गाडीत अंग मुडपून तो तिजोरीत शिरतो आणि जमिनीला पाय न लावता उडी मारतो. अंगानं हलकं पोर वर, वजनदार माणसं खाली. हे दहीहंडीचंच शास्त्र आहे.

विनोदाचंही असंच. १९५८ मध्ये मारिओ मोनिचेल्लीनं इटलीत एक धमाल चित्रपट काढला होता. त्यातले दरिद्री चोर रात्रभर खपून भिंत फोडतात, ती चुकीची निघते, आणि पलीकडच्या स्वयंपाकघरात बसून ते निमूट जेवून घेतात. बेत फसल्याचा तो विनोद. सोडरबर्गनं अवघड वाट धरली: बेत तडीला जातोय आणि तरी हसू येतं. ते येतं सहकाऱ्यांच्या बोलण्यातून. टोळीतले मॅलॉय बंधू क्षुल्लक गोष्टींवरून अखंड भांडतात. डॅनी आणि पिटचा रस्टी एकमेकांची वाक्यं अर्धी सोडतात, कारण उरलेलं दुसऱ्याला कळलेलं असतं. आणि इतक्या मोठ्या बेतात ऐन तिजोरीच्या दाराशी स्फोटाचं बटण दाबलं जातं, काही होत नाही. कळतं की बॅटऱ्या संपल्यात! ज्यांनी कधी गणेशोत्सवाचा मंडप घातला आहे, त्यांना हा प्रसंग समजावून सांगायला नको.

आता चोरीची खरी युक्ती. कसिनोंचा मालक टेरी बेनेडिक्ट पडद्यावर पाहतो की बुरखेधारी माणसं तिजोरी लुटताहेत. तो पोलिसांना फोन करतो, सशस्त्र पथक येतं, गोळीबार होतो, पथक परत जातं. नंतर त्याच्या लक्षात येतं की चित्रातल्या तिजोरीच्या फरशीवर त्याच्या बेलाजिओ या कसिनोचं नाव नाही. ते तर नुकतंच बसवलं होतं. त्यानं पाहिली ती प्रतिकृतीत आधीच केलेली चित्रफीत. फोन टोळीनंच घेतला होता, पथक म्हणजे टोळीच होती, आणि त्यांच्या पिशव्यांत पैसे होते. म्हणजे बेनेडिक्ट लुटला गेला तो चित्रपट पाहता पाहता. आणि त्याच क्षणी खुर्चीत बसलेले आपण? आपणही तेच खरं धरून पाहत होतो. तिकिटाचे पैसे देऊन, आनंदानं. सोडरबर्गनं स्वतःची नाल तिथे काढून घेतली. पुढे बेनेडिक्ट पैशासाठी आपल्या प्रेयसीला, रॉबर्ट्सबाईंनी रंगवलेल्या टेसला, सोडायला तयार होतो, तेही ती त्याच्याच कॅमेऱ्यातून पाहते. आपल्या कसिनोत सतत कोणीतरी बघत असतं, हे सांगणारा तोच होता!

खऱ्या जगात असं होत नाही, हेही नोंदवून ठेवतो. डिसेंबर २०१० मध्ये खऱ्या बेलाजिओत एक जण हेल्मेट घालून शिरला आणि सुमारे पंधरा लाख डॉलरच्या चकत्या (चिप्स) घेऊन मोटारसायकलवरून पळाला. त्यातल्या पंचवीस हजारांच्या चकत्या कसिनोनं चलनातून काढायचं ठरवलं. विकायला गेला तेव्हा सापडला. त्याच्याजवळ धाडस होतं. पण खाली थर नव्हते.

शेवटाकडे येतो. १९६० च्या चित्रपटाच्या अखेरीला हरलेले मित्र सँड्स हॉटेलच्या पाटीजवळून चालत जातात आणि पाटीवर त्यांचीच खरी नावं असतात: सिनात्रा, मार्टिन, डेव्हिस. पैसे गेले, पण तारे राहिले. २००१ मध्ये टोळी बेलाजिओच्या कारंज्यासमोर येऊन उभी राहते. मागे देब्यूसीचं संगीत. कोणी भाषण करत नाही, कोणी मिठी मारत नाही. पाणी उसळतं, खाली येतं, आणि एकेक जण शेजाऱ्याकडे पाहून निघून जातो.

हंडी फुटल्यावर गर्दी ओरडत असते, पण पथकाचं सगळं लक्ष तेव्हा थर उतरवण्याकडे असतं. वरचं पोर आधी, मग त्याखालचे, आणि सगळ्यांत शेवटी तळाची माणसं मान वर करतात. फुटलेली हंडी त्यांना तेव्हा प्रथम दिसते. कारंज्यापुढच्या त्या दृश्यात मला ती वर केलेली मान दिसते. म्हणून तर आपण मघाशी म्हणालो, ‘आटपा लवकर’. आपल्याला सोळा कोटींशी देणंघेणं नव्हतं. कोणाचा पाय घसरू नये, एवढीच काळजी होती.

तुमचे थर तासभर हलले नाहीत, याबद्दल आभार. आता सावकाश उतरा.