पिशवी काढण्यापूर्वी
(ज्ञातिमेळाव्यातील भाषण)



कर्करोग नसतानाही गर्भाशयाची पिशवी काढणे कधी कधी उचित ठरते. गाठींमुळे होणारा रक्तस्राव औषधांनी आटोपत नसेल, किंवा अंग फारच बाहेर येत असेल, तर त्या शस्त्रक्रियेने स्त्रीचे हाल थांबतात. परंतु केवळ पांढरे जाते, कंबर दुखते, किंवा पुढे कर्करोग होईल अशी भीती वाटते, एवढ्यावरून ती करणे अनुचित होय. लहान गाठी पाळी गेल्यावर बहुधा आपोआप आकसतात.

बीड जिल्ह्यात २०१९ साली झालेल्या शासकीय पाहणीत ८२,३०९ ऊसतोड भगिनींपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. पाळीमुळे मजुरीचा खाडा पडू नये, हेही त्यामागील एक कारण होते. खाडा हा काही रोग नव्हे!

पिशवीबरोबर दोन्ही बीजकोशही काढले, तर ऐन तारुण्यात ऋतुनिवृत्ती येऊन हाडे ठिसूळ होऊ लागतात. म्हणून डॉक्टरांना तीन प्रश्न अवश्य विचारावेत: निदान काय? औषधोपचार पुरेसे झाले काय? बीजकोश राखणार काय? वय चाळिशीच्या आत असल्यास दुसऱ्या डॉक्टरांचेही मत घ्यावे. संमतिपत्रावर सही स्त्रीची असते. निर्णयही तिचाच असावा, एवढीच माझी आपणांस विनंती आहे.