माळ गळ्यात, डबी खिशात



मी चौथी शिकलेला शेतकरी माणूस. शताब्दीच्या दिवशी दिंडीचा मोठेपणा सांगणारे पुष्कळ आहेत. मी माझी एक चूक सांगतो.

माळ घातली की दारू सुटते, मटण सुटतं. तंबाखू मात्र आपण त्यात धरलीच नाही. चाळीस वर्षं माझ्या गळ्यात माळ अन् बंडीच्या खिशात चुन्याची डबी. एका वारीत सासवडच्या मुक्कामी आपल्या आंबिवलीचा एकोणीस वर्षांचा पखवाजी पोरगा जवळ बसला. "बुवा, चिमूटभर द्या की." मी मळली, निम्मी त्याच्या हातावर ठेवली. पुढच्या वारीला तो स्वतःची डबी घेऊन आला. मग सुपारी-तंबाखूचा मावा सुरू झाला. चार वर्षांत त्याच्या तोंडात दोन बोटं आडवी जाईनात. डॉक्टर म्हणाले, सुपारीनं तोंड आतून ताठ झालंय, पुढं कॅन्सरही होऊ शकतो.

अठरा वर्षांखालच्या पोराला तंबाखू विकू नये, असा २००३ चा कायदा आहे. गुटख्याला राज्यात २०१२ पासून बंदी आहे. पण मी कुठं विकली होती? प्रेमानं फुकट दिली. त्याला कायदा काय करणार?

गडचिरोलीकडं खर्रा खातात. तिथं २०१६ पासून डॉ. अभय बंग यांची 'सर्च' संस्था, सरकार आणि टाटा ट्रस्ट मिळून 'मुक्तिपथ' चालवतात. गावातली बाया-माणसं बसून ठरवतात, दुकानदाराला समजावतात, सोडणाऱ्याला उपचारही मिळतो. हे ऐकून आपल्या दिंडीनं एकच नियम केला. कुणीही मागो, द्यायची नाही. तलफ आली की बडीशेप घ्यायची, पाणी प्यायचं, टाळ हातात धरायचा. काही मिनिटांत ती उतरते. पहिले काही दिवस मात्र डोकं दुखतं, माणूस उगाच चिडतो.

दिवे घाट चढताना मीच दोघांकडं मागितली. दोघांनी हात जोडले. राग आला, खोटं कशाला बोलू.

वारीत सोडलेल्या काही पोरांनी गावी आल्यावर पुन्हा धरली. म्हणून आता दर एकादशीला हरिपाठानंतर आम्ही बसतो. सरकारचा फुकट फोनही आहे, १८०० ११ २३५६. लाजू नका, लावा.

त्या पोराला मी सांगितलं, "बाबा, तुला मी लावली." तो म्हणाला, "बुवा, मग सोडूही बरोबरच." दोघांची सुटलीय. घास अजून बारीक करून खातो, पण उद्याच्या कीर्तनाला पखवाजावर तोच आहे.