कुकरच्या नळीत डोकावा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषणाचा मला सराव नाही, आणि शिक्षण म्हणाल तर सातवीपर्यंतचे. तेव्हा विषय स्वयंपाकघरातलाच घेतला आहे. कुकरच्या झाकणावर बोटाच्या पेराएवढी जी नळी असते, जिच्यावर आपण शिट्टी बसवतो, तिच्याविषयी मला सांगावयाचे आहे.

उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांवर उकळते. कुकरात वाफ कोंडली की उष्णता १२० अंशांच्या आसपास जाते, म्हणून तर डाळ लवकर शिजते. ही जादा वाफ बाहेर पडावयाची नेहमीची वाट म्हणजे ती नळी. डाळीचा फेस उसळून तिच्यात शिरतो व तेथेच वाळतो. आजच्या पापुद्र्यावर उद्याचा चढतो. भाताची पेज, एखादे हरभऱ्याचे साल, पाणी जड असेल तर क्षार, असे थर बसत जाऊन भोक सुईएवढे उरते. बाहेरून झाकण मात्र आरशासारखे लखलखत असते!

“शिट्टी होते ना, मग झाले,” असे पुष्कळजणी म्हणतात. मला ते पटत नाही. अर्धी बुजलेली नळीही शिट्टी देते. फक्त ती उशिरा होते, फुरफुरते, डाळीचे पाणी थुंकते. पुढे ती पुरती बुजली म्हणजे सारा भार झाकणावरच्या सुरक्षा झडपेवर येतो. आमच्या पलीकडच्या वाड्यात ही झडप उडाली आणि डाळ आढ्याला लागली. घरची बाई दारात दूध घेत होती, म्हणून वाचली. आणि हो, उडालेल्या झडपेच्या जागी भलतेच काही ठोकून बसवू नये. त्याच कंपनीची नवी झडप आणावी.

आता साफ करण्याचे. कुकर निवल्यावर शिट्टी व रबर काढावे. झाकण उलटे धरून नळी कढत पाण्याच्या वाटीत अर्धा तास बुडवून ठेवावी. वाळलेला चिकटा भिजल्याशिवाय सुटत नाही, आणि कोरडाच टोकरला तर आत घट्ट बसतो. मग खराट्याची हीर आतल्या बाजूने घालून बाहेर काढावी. हिरेला सुती चिंधीचा दोरा गुंडाळला तर कडेचा मळही निघतो. क्षार असतील तर पाण्यात लिंबू पिळावे. धुण्याचा सोडा मात्र ॲल्युमिनियमला लावू नये, तो धातू खातो. शेवटी नळाची धार नळीतून सोडावी आणि झाकण उजेडाकडे धरून पाहावे. पलीकडचा उजेड गोल दिसला पाहिजे. शिट्टीच्या पोटातही हाच मळ असतो, तीही धुवावी.

भांडी घासायला बाई असली तरी हे डोकावणे आपलेच. रोज शिट्टी लावण्यापूर्वी एक क्षण लागतो. डाळ अर्ध्या कुकराहून अधिक भरू नये, चमचाभर तेल घालावे, फेस कमी येतो. आच मोठी असून शिट्टी होईना, तर गॅस बंद करून दूर व्हावे. शिट्टी उचलून पाहू नये, झाकण ओढू नये, आपोआप निवू द्यावे.

मी हिरांची एक जुडी आणली आहे. चहापानानंतर मागच्या खोलीत बसेन. ज्यांनी आपापली झाकणे आणली आहेत त्यांनी तेथे यावे.